फुलं न येणारा क्विन्स: एका जुन्या झुडपाचं प्रकरण

पार्श्वभूमी

लंडनच्या वायव्येला चिल्टर्न टेकड्यांचा पट्टा आहे. तिथल्या उतारांवर मातीचा थर पातळ असतो, आणि फावडं जरा खोल गेलं की पांढराशुभ्र खडू लागतो. अशाच एका उतारावरच्या गावात २०२१ च्या शरद ऋतूत एका मराठी कुटुंबानं १९३० च्या दशकातलं जोडघर विकत घेतलं. नवरा-बायको दोघंही नोकरी करणारी, मुलगी चार वर्षांची. नवऱ्याची आई निफाड तालुक्यातली. त्यांची द्राक्षबाग आहे, आणि मधूनमधून सहा महिन्यांसाठी त्या इथे येऊन राहतात. ओळख पटू नये म्हणून गावाचं नाव आणि काही किरकोळ तपशील इथे गाळले आहेत. मी या भागातल्या घरगुती बागांची कामं करते.

घराच्या पश्चिमेकडच्या भिंतीला, बैठकीच्या खिडकीखाली, शोभेच्या क्विन्सचं एक जुनं झुडूप होतं. हे गुलाबाच्या कुळातलं, मूळचं चीनकडचं, पानझडी आणि काटेरी झुडूप. फेब्रुवारी-मार्चमध्ये अंगावर पान नसताना याच्या काळ्या फांद्यांना थेट लाल, शेंदरी किंवा पांढरी फुलं लगडतात. इंग्लंडमध्ये त्या दिवसांत आभाळ दुपारपर्यंत उजळत नाही, म्हणून जुन्या घरांपुढे हे झुडूप हमखास लावलेलं दिसतं. आपल्याकडे काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारा बिहीदाणा ज्या झाडाचा, ते फळझाड वेगळं. हा त्याचा भाऊबंद.

घर विकणाऱ्या बाईंनी जाताना आवर्जून सांगितलं होतं, "फेब्रुवारीत खिडकी लाल होते."

अडचण

२०२२ च्या फेब्रुवारीत खिडकी लाल झाली नाही. फुलं आली ती डझनभर, आणि तीही झुडपाच्या पोटात, फांद्या बाजूला सारल्यावरच दिसतील अशी. जूनमध्ये शेंड्याची पानं पिवळी पडली. हिरवळीत झुडपापासून दीड मीटरवर काटेरी फुटवे वर आले आणि एक मुलीच्या तळहातात घुसला. त्या वर्षीचा उन्हाळाही कठीण होता. १९ जुलै २०२२ ला लिंकनशायरमध्ये ४०.३ अंश तापमान नोंदलं गेलं, इंग्लंडमध्ये चाळिशी पहिल्यांदाच ओलांडली गेली. भिंतीच्या पायथ्याची माती फुफाटा झाली आणि झुडपानं ऑगस्टमध्येच निम्मी पानं गाळली.

नवऱ्याचं म्हणणं सरळ होतं: फूल नाही, काटे आहेत, उजेड अडतो, तर काढून टाकू आणि तिथे गाडी लावू. बायकोला मात्र ती लाल खिडकी हवी होती. इथला तिचा पहिला हिवाळा फार जड गेला होता, आणि त्या बाईंचं एक वाक्य तिनं धरून ठेवलं होतं. सप्टेंबरमध्ये त्यांनी मला बोलावलं ते झुडूप उपटायला किती खर्च येईल हे विचारायला.

पाहणीत काय दिसलं

झुडूप दोन मीटर उंच, तेवढंच रुंद, आणि चारही बाजूंनी पेटीसारखं सपाट कापलेलं. बाहेर पानांचं दाट कवच, आत काळोख आणि सुकलेल्या काटक्यांचा गुंता. मोजले तर बुडाशी चौदा जाड खोडं होती, त्यातली निम्मी मनगटाएवढी. चौकशीत कळलं, की एक माळी जुन्या मालकांपासून वर्षातून दोनदा यायचा, ऑगस्टअखेर आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला, आणि कुंपणाची झुडपं छाटायच्या यंत्रानं पंधरा मिनिटांत सगळं सारखं करून जायचा. शेवटची काही वर्षं त्या बाई आजारी होत्या. माळ्याला कुणी काही सांगत नव्हतं, त्यामुळे त्यानं काम चालू ठेवलं होतं.

याच सुमारास निफाडला द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी तोंडावर आली होती. एका संध्याकाळी सासूबाई फोनवर होत्या, आणि सुनेनं त्यांना झुडूप दाखवलं. त्यांचा पहिलाच प्रश्न नेमक्या जागी लागला.

"अगं, फूल कुठल्या काडीवर येतं? नव्या का जुन्या? ते कळल्याशिवाय सिकेटर हातात घेऊ नकोस."

"आई, ते कसं कळणार? फुलंच नाहीत."

"जी चार आली ती कुठं आली होती, ते आठव."

ती जुन्या फांद्यांवर आली होती, यंत्र पोचत नव्हतं तिथे. प्रकरणाचं निदान तिथेच झालं.

द्राक्षाची गोष्ट मराठी बागायतदाराला समजावून सांगावी लागत नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी, म्हणजे वेल जुन्या लाकडापर्यंत कापणं, मग नव्या काडीच्या डोळ्यांत घडनिर्मिती, आणि ऑक्टोबरमध्ये काडी पाहून फळछाटणी. माल काडीत आधीच ठरलेला असतो, छाटणीनं तो फक्त राखायचा किंवा घालवायचा असतो. क्विन्सचंही तसंच, फरक एवढाच की द्राक्षाचा घड नव्या फुटीवर बाहेर येतो आणि क्विन्सचं फूल थेट जुन्या लाकडावर, आखूड खुंट्यांवर उमलतं. पुढच्या वर्षीच्या कळ्या आदल्या उन्हाळ्यातच भरतात. ऑगस्टअखेर यंत्र फिरलं की त्या कळ्यांचे शेंडे गेले, आणि फेब्रुवारीत पुन्हा फिरलं की उरलेल्या उमलायच्या आत गेल्या. झुडपाला कुठलाही रोग नव्हता. वर्षानुवर्षं दोनदा त्याची फुलं कापली जात होती.

पिवळ्या पानांचं कारण वेगळं होतं. शेंड्याची कोवळी पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्या, आणि खालची जुनी पानं ठीक. हे लोहाच्या कमतरतेचं लक्षण. मातीच्या ढेकळावर व्हिनेगर टाकल्यावर फसफस झाली, आणि चाचणी पट्टीवर सामू (पीएच) ८ च्या आसपास आला. अशा चुनखडीच्या मातीत लोह असतं, पण मुळांना ते घेता येत नाही. सासूबाईंना हेही नवं नव्हतं, त्यांच्या एका तुकड्यात द्राक्षाची पानं अशीच व्हायची.

एक गैरसमजही निघाला. शेजारचे वृद्ध गृहस्थ या झुडपाला जपोनिका म्हणत. नवऱ्यानं शोधलं, तर जपोनिका जेमतेम मीटरभर वाढते असं वाचायला मिळालं. मग त्यानं विचारलं, दरवर्षी कंबरेएवढी कापून का ठेवू नये? या घोळाला सव्वादोनशे वर्षांचा इतिहास आहे. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ थुनबर्ग यांनी १७८४ मध्ये जपानमधल्या बुटक्या जातीला हे नाव दिलं. १७९६ मध्ये इंग्रज निसर्गशास्त्रज्ञ जोसेफ बँक्स यांनी लंडनजवळच्या क्यू इथल्या बागेत चीनमधली उंच जात आणली, आणि लोकांनी तिलाच ते नाव लावलं. खरी जपानी जात इंग्लंडमध्ये १८६९ च्या सुमाराला आली, तोवर नाव पक्कं झालं होतं. ओळखायची सोपी खूण डहाळीवर असते. जपानी जातीची दुसऱ्या वर्षाची डहाळी बोटाला खरखरीत लागते, चिनी जातीची गुळगुळीत. इथली गुळगुळीत होती, पानंही मोठी आणि चकचकीत. ही जात अडीच मीटरपर्यंत उंच आणि त्याहून जास्त रुंद होते. तिला कंबरेएवढी ठेवायचा हट्ट धरला, तर दरवर्षी फुलंच कापली जाणार.

पर्याय

पहिला पर्याय उपटून टाकण्याचा. क्विन्सची मुळं खोल जातात आणि राहिलेल्या तुकड्यातून फुटवे येत राहतात. भिंत आणि सांडपाण्याचा नळ जवळ असल्यामुळे खोदकामही हातानंच करावं लागलं असतं. तिथे गाडी लावायची, तर पदपथाची कड उतरती करायला स्थानिक प्रशासनाची परवानगी लागते. शिवाय इंग्लंडमध्ये २००८ पासून घरापुढच्या बागेत पाणी न झिरपणारी फरशी ५ चौरस मीटरपेक्षा जास्त घालायची आणि तिचं पाणी बागेतच मुरवायची सोय नसेल, तर बांधकाम परवाना घ्यावा लागतो. खर्चाचा अंदाज कागदावर मांडल्यावर नवऱ्याचा आग्रह बराच कमी झाला.

काढून नवं झुडूप लावायचं का, हाही प्रश्न आला. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठात तयार झालेल्या, दुहेरी पाकळ्यांच्या आणि जवळजवळ बिनकाट्याच्या जाती आता मिळतात. लहान मूल असलेल्या घरात त्यांचा विचार जरूर करावा. पण गुलाबकुळातलं झाड जिथून काढलं, त्याच खड्ड्यात त्याच कुळातलं नवं झाड लावलं तर ते बहुतेक वेळा खुरटतं. नवी जागा शोधावी लागली असती, आणि खिडकीखाली दुसरी जागा नव्हती.

दुसरा पर्याय सगळं जमिनीलगत कापण्याचा. सासूबाईंचा कल सुरुवातीला इकडे होता, खरड छाटणीची सवय असल्यामुळे ते स्वाभाविकच. क्विन्स हे सोसतो आणि बुडापासून जोमानं फुटतो. पण जुनं लाकूडच गेल्यामुळे दोन-तीन वर्षं फूल दिसत नाही. शिवाय हे झुडूप नुकतंच अवर्षणातून बाहेर येत होतं, पातळ मातीत उभं होतं, पानं पिवळी होती. त्याची ताकद एकदम काढून घेणं मला धोक्याचं वाटलं. झुडूप तरुण आणि माती चांगली असती, तर मी या पर्यायाला विरोध केला नसता.

तिसरा पर्याय यंत्र थांबवून बाकी काही न करण्याचा. फुकटचा, आणि लोकांना वाटतो त्यापेक्षा खूप चांगला. पण खिडकीचा अंधार आणि आतला गुंता तसाच राहिला असता.

चौथा, तीन वर्षांत टप्प्याटप्प्यानं जुनी खोडं काढायची, खिडकीसमोरच्या लवचीक फांद्या मागे वळवून तारांवर भिंतीला बांधायच्या, आणि सोबत मातीकडे बघायचं. वेळ जास्त, पण दरवर्षी काही ना काही फुलं हाताशी राहतात. सुनेनं हाच निवडला. नवऱ्यानं अट घातली, की २०२५ च्या वसंतापर्यंत फरक दिसला नाही तर झुडूप जाईल. अट रास्त होती, मुदतही पुरेशी होती.

हात आवरण्याचा निर्णय

सगळ्यात अवघड निर्णय पहिल्या शरद ऋतूतला होता, काहीच न कापण्याचा. घरातल्यांना ताबडतोब काहीतरी व्हायला हवं होतं. सप्टेंबरच्या सुट्टीत नवऱ्यानं करवतही आणली होती. पण त्या क्षणी पुढच्या फुलांच्या कळ्या फांद्यांवर होत्या, आणि पानांआड कुठली फांदी कामाची आहे हे ओळखता येत नव्हतं. माळ्याला त्यांनी स्वतः भेटून सांगितलं, की या एका झुडपाला यंत्र लावू नका. त्याला यात कुठलाच कमीपणा वाटला नाही, उलट क्विन्स कधी छाटतात हे त्यानं नीट विचारून घेतलं.

२०२३ च्या मार्चमध्ये कवचाबाहेरही फुलं दिसली, आधीपेक्षा स्पष्ट जास्त. ती झाडावर असतानाच सुनेनं ज्या खोडांवर फूल नव्हतं किंवा नावापुरतं होतं, त्यांना कापडी फिती बांधल्या. ही युक्ती मी प्रत्येक फुलझुडपासाठी सुचवते. पानं फुटली की सगळ्या फांद्या सारख्याच दिसतात, त्या वेळी आठवणीवर विसंबून कापणं महागात पडतं.

एप्रिलअखेर छाटायचं ठरलं होतं. पण फिती तपासताना आत ब्लॅकबर्डचं घरटं सापडलं, त्यात चार अंडी. इंग्लंडमध्ये १९८१ च्या कायद्यानुसार वापरातलं घरटं मोडणं गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी या घरातल्या मुलीनं कुणाला हात लावू दिला नसता. या पक्ष्याची अंडी उबायला साधारण दोन आठवडे लागतात आणि पिल्लं उडायला आणखी दोन. काम जूनवर गेलं. उन्हाळ्यात नव्या कळ्या भरायला तेवढा अवधी उरतो, म्हणून जून चालतो. ऑगस्टपर्यंत लांबलं असतं, तर मी ते वर्ष सोडून द्यायला सांगितलं असतं.

प्रत्यक्ष काम

जून २०२३ मध्ये फिती बांधलेल्यांपैकी पाच खोडं बुडाशी करवतीनं काढली. काटे बोटभर लांब आणि कडक असतात, त्यामुळे कातड्याचे लांब हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा हवाच. खोड वरून तुकड्यातुकड्यानं कापत खाली आलं, तर शेजारच्या फांद्या ओरबाडल्या जात नाहीत. भिंतीवर आडव्या तारा ओढल्या, दोन तारांत सुमारे ४० सेंटिमीटर अंतर ठेवून. खिडकीच्या दोन्ही बाजूंना कोवळ्या फांद्या पंख्यासारख्या पसरून सैल बांधल्या, आणि त्यांच्या फुलून गेलेल्या आडफांद्या दोन-तीन डोळ्यांवर आखूड केल्या. पुढे याच खुंट्यांवर फुलं आली.

लोहासाठी चिलेटेड खत दिलं, म्हणजे ज्यात लोह दुसऱ्या द्रव्याशी बांधून मुळांना घेता येईल असं ठेवलेलं असतं, पण कुठलंही नाही. बाजारातलं स्वस्त ईडीटीए प्रकारचं लोह इतक्या सामूच्या मातीत टिकत नाही. ईडीडीएचए प्रकारचं घ्यावं लागतं, ते चुनखडीतही मुळांना मिळत राहतं. किंमत जास्त असते, मात्रा डब्यावरच्या सूचनेप्रमाणेच द्यायची. इथल्या नळाचं पाणी जड, म्हणजे चुनायुक्त, म्हणून पन्हळीखाली पिंप ठेवून पावसाचं पाणी वापरायला सुरुवात केली. भिंतीच्या पायथ्याशी छपराच्या आडोशानं पाऊस पोचतच नाही, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. लंडनभर पाऊस पडत असताना अशा झुडपाची मुळं कोरडी असू शकतात. बुडाभोवती कुजलेल्या पानांचं आच्छादन घातलं, खोडाला न टेकवता. हिरवळीसाठी पडलेल्या नत्रयुक्त खताची पिशवी झुडपाजवळ वापरायची नाही, असंही ठरलं. नत्रानं पाला वाढतो आणि फूल मागे पडतं.

हिरवळीतले फुटवे वरून कापले की दुप्पट येतात. ते माती उकरून मुळाशी तोडावे लागतात. त्यातले मुळं असलेले दोन कुंडीत लावले, एक शेजारच्या गृहस्थांनी नेला.

२०२४ च्या जूनमध्ये आणखी पाच खोडं काढली. त्या वेळी सासूबाई इथे होत्या. आदल्या वर्षीच्या कापाजवळून आलेल्या सरळसोट फुटींचा झुपका पाहून त्या म्हणाल्या, "फेल काढली नाहीत होय?" आणि मोजून चार जोमदार फुटी ठेवून बाकीच्या त्यांनी स्वतः काढल्या. जागा, दिशा, जाडी पाहून कुठली फूट ठेवायची हे त्यांनी ज्या वेगानं ठरवलं, ते पाहून मी शिकले. वेगळ्या हवेतल्या वेगळ्या झाडावर त्यांचा हात चुकला नाही.

परिणाम

२०२४ च्या मार्चमध्ये भिंतीवर बांधलेला भाग फुलला, बाकी झुडूप निम्म्यानं. २०२५ च्या फेब्रुवारीअखेर बाई म्हणाल्या होत्या तशी खिडकी लाल झाली, आणि फुलं एप्रिलपर्यंत टिकली. नवऱ्यानं अटीचा विषय काढला नाही. खिडकीत उजेड येतो, आणि पायवाटेच्या बाजूचे काटे भिंतीकडे वळवल्यानं मुलीच्या वाटेतून गेले आहेत.

पानं पूर्ण हिरवी झालेली नाहीत. खडूची माती बदलत नाही, त्यामुळे लोह दर वसंतात द्यावं लागतं, आणि जूनमध्ये शेंडे थोडे पिवळे दिसतातच. हे आधीच सांगितलेलं असल्यामुळे घरात त्याची चिंता नाही.

२०२४ च्या ऑक्टोबरमध्ये पहिल्यांदा पाटीभर फळं मिळाली. पिवळी, लिंबाहून मोठी, दगडासारखी कडक, आणि घरभर वास. कच्ची खाववत नाहीत इतकी आंबट असतात, पण पेक्टिन भरपूर असल्यामुळे पाक आपोआप घट्ट होतो. इथले लोक जेली करतात. सासूबाईंनी फळं वाफवून, बिया काढून, गूळ-मेथी घालून मेथांब्यासारखं केलं. बिया काढणं महत्त्वाचं, सफरचंदाच्या बियांसारखंच त्यांच्यात सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं.

वेगळं काय करता आलं असतं

मातीची चाचणी घर घेतल्याच्या पहिल्याच महिन्यात व्हायला हवी होती. व्हिनेगरला दोन मिनिटं लागतात. ती झाली असती, तर २०२२ मध्ये पिवळी पानं पाहून हिरवळीचं खत झुडपालाही टाकलं गेलं नसतं, आणि लोह एक हंगाम आधी मिळालं असतं.

तारा छाटणीच्या दिवशी ओढल्या गेल्या. त्या हिवाळ्यातच, पानं नसताना बसवल्या असत्या, तर फांद्यांचा कल पाहून जागा ठरवता आल्या असत्या. उजव्या बाजूच्या दोन फांद्या आता तारेशी कोन करून उभ्या आहेत आणि त्यांच्यावर फुलं टोकालाच येतात.

फेल पहिल्याच जुलैमध्ये विरळायला हवी होती. एक हंगाम त्यांनी फुकट ताकद खाल्ली.

टप्प्याटप्प्याच्या निर्णयाबद्दल माझं मत आजही तेच आहे, पण तो प्रत्येक घराला मानवेल असं नाही. तीन जून लागोपाठ कुणीतरी करवत घेऊन उभं राहायला हवं. ज्या घरात ते होणार नाही, तिथे मी फक्त यंत्र थांबवायला सांगेन.

उरलेल्या चार जुन्या खोडांपैकी तीन २०२५ च्या जूनमध्ये काढली. चौथं सगळ्यात जाड, पायवाटेच्या फरशीलगतचं, अजून उभं आहे. त्याच्या मुळांतून फरशीच्या सांध्यात फुटवे येतात, म्हणून नवऱ्याला ते काढायचं आहे. ब्लॅकबर्डनं तिसऱ्यांदा त्याच्याच बेचक्यात घरटं केलं, म्हणून मुलगी नाही म्हणते. फरशीचा तो एक दगड उचलून फुटवे मुळाशी तोडायचे आणि खोड आणखी एक वर्ष ठेवायचं, इथवर बोलणं आलं आहे.